दृश्यनोंदीचा मायना : कॅमेऱ्याच्या नोंदी, त्यांचा मेटाडेटा आणि प्रवेशाधिकार यांचा ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

मराठेशाहीतील एखादे पत्र अभ्यासकाच्या हाती आले म्हणजे त्याची नजर मजकुराआधी मजकुराच्या भोवताली फिरते. मायना कोणाचा आहे, तेरीख काय, 'छ' या अक्षरापुढे कोणता चंद्र दिला आहे, सुहूर सन जुळतो की नाही, माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब आहे काय, पाठीवर 'बार', 'रुजू', 'सुरू सूद' असे शेरे आहेत काय, हे सर्व तपासल्यावरच तो मजकुराकडे वळतो. पत्रात काय लिहिले आहे यापेक्षा ते कोणी, केव्हा, कोणाच्या हुकुमाने लिहिले आणि दफ्तरातून कोणाच्या हातून पुढे गेले हे या खुणा सांगतात. मोर्तबाचे काम तर अगदीच नेमके होते. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी अक्षर वाढविल्यास ते लबाडीचे समजावे, अशी ती लेखनसीमा होती.

संगणकशास्त्र ज्याला मेटाडेटा म्हणते ती हीच गोष्ट होय. नोंदीविषयीची नोंद. नाव नवे असले तरी व्यवहार जुना आहे, आणि म्हणूनच इतिहासाच्या विद्यार्थ्याने सुरक्षा कॅमेऱ्यांच्या ध्वनिचित्रमुद्रणाकडे वळणे हे त्याने आपल्या विषयाची हद्द ओलांडणे नव्हे असे प्रस्तुत लेखकास वाटते. पुढील पिढीचा इतिहासकार एकविसाव्या शतकातील रस्ता, कचेरी, पोलीस ठाणे आणि मतदान केंद्र यांचा अभ्यास करील तेव्हा त्याच्यापुढे रुमालात बांधलेले कागद नसतील. जी दृश्ये उरलेली असतील तीच असतील. त्यांतील कोणती उरावीत आणि ती कोणी पाहावीत हे आज ठरत आहे.

हा विषय सुचण्याचे कारण घरगुती आहे. काही वर्षांपूर्वी विदर्भातील एका महाविद्यालयात एका विद्यार्थिनीची उत्तरपत्रिका गठ्ठ्यात आढळली नाही. आपण दीड वाजता पर्यवेक्षकांच्या हाती उत्तरपत्रिका देऊन बाहेर पडलो असे तिचे म्हणणे होते. चौकशी समितीसमोर व्हरांड्यातील कॅमेऱ्याचे मुद्रण आले. त्यात ती बाहेर पडताना दिसते, पण पडद्याच्या कोपऱ्यातील वेळ १२ वाजून ४८ मिनिटे. मुलगी खोटे बोलते असे समितीचे मत जवळजवळ पक्के झाले. चौथ्या बैठकीत एका कनिष्ठ लिपिकाने सहज मुद्रणयंत्राचे घड्याळ आपल्या मनगटावरील घड्याळाशी ताडून पाहिले, तेव्हा ते ४२ मिनिटे मागे असल्याचे आढळले. मुलगी दीड वाजताच बाहेर पडली होती. मग परीक्षागृहाच्या आतील कॅमेऱ्याचे मुद्रण मागविण्यात आले, परंतु यंत्र पंधरा दिवसांपूर्वीचे सारे पुसून त्याच जागी नवे लिहीत असे आणि ते पंधरा दिवस उलटून गेले होते. उत्तरपत्रिकेचे काय झाले ते अखेर कळले नाही. तिचा निकाल त्या सत्रापुरता राखून ठेवण्यात आला. प्रस्तुत लेखक त्या समितीचा सदस्य होता आणि चौथ्या बैठकीपर्यंत घड्याळाचा विचार त्याच्याही मनात आला नव्हता, हे येथे कबूल केले पाहिजे.

फितीवरील चिठ्ठीपासून तक्त्यापर्यंत

बंद परिपथातील दूरचित्रणाचा आरंभ सामान्यतः १९४२ साली जर्मनीत व्ही-२ अग्निबाणाच्या चाचण्यांच्या वेळी झाला असे मानतात. त्या यंत्रणेत पाहणे होते, साठविणे नव्हते. साठवण आली ती चुंबकीय फितीबरोबर. बँकांत व मोठ्या दुकानांत फिती वापरल्या जात तेव्हा मेटाडेटा म्हणजे फितीच्या डबीवर चिकटविलेली चिठ्ठी असे. त्यावर तारीख, कॅमेऱ्याचा क्रमांक आणि बदलणाऱ्याची सही लिहिलेली असे. चिठ्ठी गळून पडली की फीत मुकी होई. प्रवेशाधिकाराची व्यवस्थाही तितकीच साधी होती. कपाटाला कुलूप आणि किल्ली व्यवस्थापकाकडे.

१९९६ साली स्वीडनच्या ॲक्सिस कंपनीने संगणकजालावर चालणारा कॅमेरा बाजारात आणला, त्यानंतर फितीची जागा हार्ड डिस्कने घेतली आणि मुद्रण ही आज्ञावलीची बाब झाली. या स्थित्यंतरातील महत्त्वाची घटना अशी की दृश्य आणि दृश्याविषयीची नोंद एकमेकांपासून वेगळी झाली. २००२ च्या सुमारास तयार झालेली झोनमाइंडर ही मुक्त आज्ञावली उदाहरणादाखल घेता येईल. तिची रचना सर्वांस पाहण्यास खुली असल्यामुळे अभ्यासाला ती सोयीची आहे. या आज्ञावलीत चित्रे डिस्कवरील फोल्डरांत राहतात. प्रत्येक हालचालीची 'घटना' मात्र मायएसक्यूएल या विदागारातील तक्त्यात एका ओळीने नोंदली जाते. घटनेचा क्रमांक, कॅमेरा, कारण, आरंभ व शेवट यांची वेळ, चौकटींची संख्या, त्यांपैकी किती चौकटींत हालचाल आढळली, आणि ही घटना जतन करावयाची आहे की नाही हे दर्शविणारी एक खूण, असे तिचे रकाने आहेत. डिस्क भरत आली की जुन्या घटना आपोआप पुसल्या जातात, जतनाची खूण केलेल्या मात्र वाचतात. म्हणजे एखाद्या दृश्याचे आयुष्य एका रकान्यातील शून्य किंवा एक या अंकावर अवलंबून असते.

अधिकारांचाही असाच तक्ता आहे. प्रत्येक वापरकर्त्याच्या नावापुढे चालू दृश्य, जुन्या घटना, कॅमेऱ्याचे नियंत्रण, यंत्रणेची मांडणी अशा बाबी असून बहुतेकांपुढे 'काहीही नाही', 'पाहणे' आणि 'बदलणे' यांपैकी एक अधिकार नोंदविलेला असतो. कोणाला कोणते कॅमेरे दिसावेत याचीही मर्यादा घालता येते. कागदावर ही व्यवस्था उत्तम आहे. परंतु जुन्या घटनांबाबत 'बदलणे' या एकाच अधिकारात नाव देणे, जतनाची खूण करणे आणि पुसून टाकणे ही तिन्ही कामे सामावलेली आहेत. ज्याला वाचविण्याचा अधिकार त्यालाच नष्ट करण्याचा. दफ्तरखान्याच्या इतिहासाशी परिचय असलेल्या कोणासही ही गोष्ट खटकेल.

आणखी एक तपशील लेखकास विशेष बोलका वाटतो. या आज्ञावलीत एक छोटा तपासनीस कार्यक्रम आहे. तो डिस्कवरील चित्रे आणि तक्त्यातील ओळी यांचा मेळ घालतो. तक्त्यात ओळ नसलेली चित्रे आढळली तर ती अनाथ समजून काढून टाकली जातात. दृश्य प्रत्यक्ष असूनही त्याची नोंद नाही म्हणून ते नाहीसे होते. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या माणसाला याचे नवल वाटणार नाही.

जालना, २७ सप्टेंबर २०१४

वरील विवेचन तांत्रिक वाटले तरी त्याचे राजकीय वजन किती असते हे आपल्याच राज्यातील एका खटल्याने दाखविले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन पंडितराव खोतकर हे कैलास किसनराव गोरंट्याल यांच्यावर अवघ्या २९६ मतांनी विजयी झाले. उमेदवारी अर्ज दाखल करण्याची अंतिम मुदत २७ सप्टेंबर रोजी दुपारी ३ वाजेपर्यंत होती. खोतकर यांचा अर्ज मुदतीनंतर, ३ वाजून ५३ मिनिटांनी दाखल झाला, सबब तो स्वीकारावयास नको होता, असा गोरंट्याल यांच्या निवडणूक याचिकेचा एक मुख्य मुद्दा होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दालनात व दालनाबाहेर त्या दिवशी चित्रीकरण झाले होते. वादाचा सारा भार मिनिटांवर आणि ती मिनिटे मोजणाऱ्या यंत्रावर येऊन पडला.

न्यायालयाच्या आदेशानुसार मुद्रणाच्या तबकड्या हजर झाल्या. मात्र भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब (४) अन्वये लागणारे प्रमाणपत्र त्यांच्यासोबत नव्हते. याचिकाकर्त्यांनी ते संबंधित अधिकाऱ्यांकडे वारंवार मागितले होते, पण मिळाले नाही. येथे प्रमाणपत्राचे स्वरूप स्पष्ट केले पाहिजे. ते आशयाविषयी काही सांगत नाही. ही नोंद कोणत्या यंत्राने, कशा रीतीने तयार केली आणि ते यंत्र त्या काळात नीट चालत होते काय, हे त्या यंत्राच्या कारभाराशी जबाबदारीने संबंधित असलेल्या व्यक्तीने लिहून द्यावयाचे असते. कायद्याने मागितलेला मेटाडेटाच तो. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २४ नोव्हेंबर २०१७ रोजी निवडणूक रद्द ठरविली. साक्षीत अधिकाऱ्यांनी चित्रीकरण नित्याच्या व्यवस्थेनुसार झाल्याचे मान्य केले होते, तेव्हा कलमाची पुरेशी पूर्तता झाली, असा खंडपीठाचा अभिप्राय होता.

या प्रश्नावर तोवर सर्वोच्च न्यायालयाचीच भूमिका बदलत आली होती. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० मुळे पुरावा अधिनियमात आलेले हे कलम मुळात इंग्लंडच्या १९६८ च्या एका कायद्यावरून घेतले होते, आणि इंग्लंडने ते १९९५ मध्येच रद्द केले होते. उतरवून घेतलेली गोष्ट मूळ ठिकाणी टाकाऊ झाल्यावर आपल्याकडे रुजावी, हा वसाहतोत्तर कायद्याच्या इतिहासातील नेहमीचा प्रकार आहे. २००५ साली संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात प्रमाणपत्राविना पुरावा चालेल असे म्हटले गेले. १८ सप्टेंबर २०१४ रोजी, म्हणजे जालन्यातील त्या दुपारच्या नऊच दिवस आधी, अन्वर विरुद्ध बशीर खटल्यात प्रमाणपत्र अनिवार्य ठरले. २०१८ मध्ये शफी मोहम्मद प्रकरणात पुन्हा सवलत मिळाली. अखेर १४ जुलै २०२० रोजी न्या. नरिमन, न्या. रवींद्र भट आणि न्या. रामसुब्रमणियन यांच्या पीठाने जालना प्रकरणातच वादावर पडदा टाकला. मूळ उपकरणच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्राची गरज नाही. प्रत हजर करावयाची असल्यास प्रमाणपत्र अटळ. मात्र ज्याने ते मिळविण्यासाठी शक्य ते सर्व केले आणि तरी ते दिले गेले नाही, त्याच्याकडून कायदा अशक्य गोष्टीची अपेक्षा करीत नाही. या शेवटच्या तत्त्वावर आणि अन्य पुराव्यावर उच्च न्यायालयाचा निर्णय कायम झाला.

तोपर्यंत ती विधानसभा मुदत संपून विसर्जित झाली होती आणि २०१९ ची निवडणूकही होऊन गेली होती. डिसेंबर २०१७ मधील स्थगितीमुळे पद मध्यंतरी अबाधित राहिले. तीन वाजण्यापूर्वी की नंतर, या प्रश्नाच्या उत्तराला जवळजवळ सहा वर्षे लागली. कायद्याचे अभ्यासक या निकालाचे वाचन प्रमाणपत्राच्या अनिवार्यतेसाठी करतात. इतिहासाच्या दृष्टीने त्यातील दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. नोंद ज्याच्या ताब्यात आहे, त्याने केवळ गप्प राहून ती निरुपयोगी करून टाकावी, हे येथे जवळजवळ घडले होते. नोंद पुसावी लागली नाही, बदलावी लागली नाही, तिच्यावर सही न करणे पुरेसे होते.

मोर्तब आणि हॅश

१ जुलै २०२४ पासून पुरावा अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली. त्याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राचा नमुना अनुसूचीत दिला असून त्याचे दोन भाग आहेत, एक नोंद सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा. उपकरणाचा प्रकार, बनावट, अनुक्रमांक यांबरोबर त्यात नोंदीचे हॅश मूल्य द्यावे लागते. हॅश म्हणजे फाइलीतील सर्व अंशांवर गणिती क्रिया करून काढलेली एक लहान संख्या. फाइलीत एक बिंदू जरी बदलला तरी ती संख्या पार बदलते. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. हे मोर्तब आहे.

परंतु मोर्तबाची मर्यादाही यालाच लागू पडते. मोर्तब लागल्यानंतर मजकुरात भर पडली नाही, एवढेच ते सांगते. मूळ मजकूर खरा होता की नाही, यावर ते मौन पाळते. हॅश काढल्या क्षणापासून फाइल तीच आहे हे सिद्ध होईल, पण कॅमेऱ्याचे घड्याळ ४२ मिनिटे मागे असेल तर ती चूकही तितक्याच निर्दोषपणे जतन होईल. घड्याळे जाळ्यावरील प्रमाण वेळेशी आपोआप जुळविण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते, मात्र यंत्र जाळ्याशी जोडलेले नसेल किंवा ती सोय कोणी चालूच केली नसेल तर ती असून नसल्यासारखी आहे. विधिमंडळाने हॅशचा आग्रह धरला आणि घड्याळाचा धरला नाही, ही उणीव मोठी आहे असे लेखकाचे मत आहे.

पाहणाऱ्याच्या नोंदीचा प्रश्नही असाच सुटलेला नाही. २०१० साली वाराणसीतील एका हॉटेलात झालेल्या मृत्यूच्या खटल्यात, मुद्रण आपण पाहिले आणि त्यात काही आढळले नाही म्हणून ते जप्त केले नाही, अशी तपास अधिकाऱ्याची साक्ष होती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये आरोपींना निर्दोष ठरविताना या उणिवेवर कठोर ताशेरे ओढले. त्या निकालाने प्रमाणपत्राविषयीचा आधीचा निर्णय लक्षात घेतला नव्हता हे २०२० मध्ये दाखविण्यात आले, ते वेगळे. एका माणसाने पाहिले आणि काही नाही म्हणाला, ही परिस्थिती मात्र आपल्या ओळखीची आहे.

नागपूर : नोंद कोणाच्या ताब्यात?

नागपूर शहरात २०१६ च्या सुमारास राज्य शासनाच्या पुढाकाराने सुरक्षित व स्मार्ट शहर प्रकल्प हाती घेण्यात आला. उभारणीचे काम लार्सन अँड टुब्रो कंपनीकडे होते. सुमारे सातशे ठिकाणी मिळून साडेतीन हजारांहून अधिक कॅमेरे बसविण्यात आले आणि त्यांची दृश्ये नियंत्रण कक्षात एकत्र येऊ लागली. स्मार्ट शहर अभियानासाठी महानगरपालिकेची स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. वाहतुकीची चलने, गुन्ह्यांचा तपास, कचऱ्याची देखरेख अशी निरनिराळी कामे या दृश्यांवर चालू लागली.

येथे कलम ६३ चा प्रश्न विचारून पाहावा. एखाद्या चौकातील दृश्याचे प्रमाणपत्र कोणी द्यावे? पैसा शासनाचा, यंत्रणा उभारणारी कंपनी खासगी, मालकी महानगरपालिकेच्या कंपनीची, वापर पोलिसांचा. यंत्राच्या कारभाराशी जबाबदारीने संबंधित व्यक्ती यांपैकी कोणती, याचे उत्तर प्रवेशाधिकारांच्या तक्त्यातच शोधावे लागते. पाहण्याचा, प्रत काढण्याचा, पुसण्याचा आणि जतनाची खूण करण्याचा अधिकार कोणाच्या नावापुढे आहे, यावरून खरा दफ्तरदार ठरतो. २०२४ साली राज्य शासनाने नागपूर येथे गुन्हे तपासात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यासाठी 'मार्व्हल' ही संस्था स्थापन केली. यंत्रच दृश्ये चाळू लागले म्हणजे त्या तक्त्यात माणसांखेरीज आणखी एक वापरकर्ता येतो, आणि त्याने काय पाहिले याचीही ओळ लिहिली जाणे आवश्यक ठरते.

पोलीस ठाण्यांच्या आतील कॅमेऱ्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात तपशीलवार आदेश दिले. आवाजासह मुद्रण, रात्री दिसण्याची सोय, अठरा महिन्यांची साठवण, ती शक्य नसल्यास किमान एक वर्ष, आणि राज्य व जिल्हा पातळीवर देखरेख समित्या. कोठडीतील मारहाणीची तक्रार उशिरा होते, तोवर दृश्य पुसले गेलेले असते, हा अनुभव या मुदतीमागे उघड दिसतो. तथापि यंत्र चालू ठेवण्याची व मुद्रण सांभाळण्याची दैनंदिन जबाबदारी ठाणे प्रमुखावर आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार होऊ शकते त्याच्याच हाती रुमालाची गाठ राहते.

दफ्तर उघडण्याचा इतिहास

१८१८ नंतर पेशवे दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. इनामांची चौकशी करणाऱ्या कारभाराला ते उपयोगी होते. सामान्य अभ्यासकाला त्याचे दार दीर्घकाळ मोकळे नव्हते. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावची खासगी दप्तरे धुंडाळीत फिरले आणि १८९८ साली त्यांच्या साधनग्रंथांचा पहिला खंड निघाला, याची पार्श्वभूमी हीच होय. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध झाले, तोवर शतकाहून अधिक काळ लोटला होता. कागद टिकल्यामुळे उशिरा का होईना ते उघडता आले. पंधरा दिवसांनी स्वतःवरच लिहिणाऱ्या यंत्राबाबत हा दिलासा नाही.

१९९३ च्या केंद्रीय सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने संगणकाने किंवा अन्य उपकरणाने निर्माण केलेले साहित्यही अभिलेख मानले आहे आणि विहित रीतीखेरीज अभिलेख नष्ट करण्यास मनाई केली आहे. राज्याने २००५ साली याच धर्तीवर कायदा केला. या व्याख्येचा सरळ अर्थ घेतला तर शासकीय कचेरीतील कॅमेऱ्याचे मुद्रण हा सार्वजनिक अभिलेख ठरतो आणि डिस्क भरली म्हणून ते पुसणारी आज्ञावली रोज रात्री अभिलेख नष्ट करीत असते. सारेच जतन करावे असे लेखकाचे म्हणणे नाही. तसे करणे खर्चाचे आहे आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाच्या खासगीपणावर घाला घालणारेही आहे. कागदांच्या बाबतीत अ, ब, क, ड अशी वर्गवारी करून कोणते कायम ठेवावेत व कोणते किती वर्षांनी नष्ट करावेत हे अभिलेख कक्षात ठरलेले असते. दृश्यांसाठी ती वर्गवारी अभिलेखागाराने करावयास हवी, आज ती डिस्कची क्षमता करते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या वैयक्तिक विदा संरक्षण नियमांनी प्रवेशाच्या नोंदी एक वर्ष ठेवण्याचा दंडक घातला आहे, पण त्या तरतुदी अंमलात येण्यास अठरा महिन्यांची मुदत आहे, आणि शासकीय यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार मूळ कायद्यात राखून ठेवलेला आहे.

प्रारंभी उल्लेखिलेल्या महाविद्यालयात आता मुद्रणयंत्राशेजारी दोऱ्याने बांधलेली एक नोंदवही असते. दर सोमवारी लिपिक यंत्राचे घड्याळ ताडून पाहतो आणि फरक मिनिट-सेकंदांत लिहून सही करतो. हा रकाना आजवर एकदाही चुकलेला नाही. त्याच पानावर 'मुद्रण कोणी पाहिले व कशासाठी' असा दुसरा रकाना आखलेला आहे. गेल्या खेपेस लेखकाने वही चाळली तेव्हा त्यात तीन नोंदी होत्या, आणि त्यांपैकी दोन त्याच्या स्वतःच्या होत्या.